अकरा वाजता येणारा मुका फोन

तुमच्या बाबांनी गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिसऱ्यांदा सांगितलं, "आई, तो जुना फोन काढून टाक आता. त्यावर कामाचं कुणीच बोलत नाही." तुम्ही दोघं मागे पलंगावर बसून माना डोलवत होतात, तेही मला दिसलं. मी "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. आजोबा माझ्या शेजारीच बसले होते, आणि खरं कारण त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहून पाठवते आहे. मराठीतच लिहिते. अडेल तिथे बाबांना विचारा, पण यातलं बरंचसं त्यांनाही माहीत नाही.

फोन तुम्ही पाहिला आहे. बैठकीत शोकेसच्या शेजारी तिपाईवर असतो, सायीच्या रंगाचा, वर नंबर दिसायची छोटी काच. पूर्वी तो वाजला की आपल्या उस्मानपुऱ्याच्या घरात दोन माणसं धावायची. आता माणसांचे फोन मोबाईलवर येतात आणि यावर उरलेले सगळे. करमाडच्या पुढे प्लॉट घ्या. कर्ज मंजूर झालं आहे. तुमची वीज आज कापणार आहोत. एक बाई रोज दुपारी आरोग्यविम्याबद्दल बोलायची. ते बोलणं आधीच रेकॉर्ड केलेलं आहे, तिला आपलं काही ऐकू येत नाही, हे आजोबांना पटत नसे. ते तिचं सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "ताई, घसा कोरडा पडला असेल तुमचा. पाणी घ्या जरा."

तेव्हा आम्ही हसायचो. तेही हसायचे. विसरायला त्यांनी सुरुवात केली होती, पण ते विसरणं चष्मा, किल्ली, दूधवाल्याला काय सांगितलं, एवढ्यापुरतं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. परत यायला एक वाजला. दार आतून बंद. बेल वाजवली, हाका मारल्या. आतून आजोबांचा आवाज आला, अगदी हळू. "उघडता येणार नाही. साहेबांची परवानगी नाही."

मला आधी वाटलं, पडलेत. मी खाली धावले. खालच्या मजल्यावर आपा राहतात, तुम्हाला शीरखुर्मा पाठवतात त्या. त्या गुडघे धरत वर आल्या आणि दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागल्या. "भाईजान! दरवाजा खोलो! बाजी का दाँत निकाले डाक्टर, खून बह रहा, और तुम अंदर बैठे!" माझं रक्त वगैरे काही वाहत नव्हतं, पण दार उघडलं.

आजोबा खुर्चीत बसले नव्हते. खुर्चीसमोर उभे होते. मोबाईल टेबलावर तांब्याला टेकवून ठेवलेला आणि त्यात खाकी गणवेशातला एक माणूस, मागे निळी भिंत. त्यांच्या नावावर कुठलं तरी पार्सल पकडलं गेलं आहे, त्यांना घरातच अटक झाली आहे आणि चौकशी संपेपर्यंत हलायचं नाही, असं त्यांना सकाळी दहा वाजता सांगण्यात आलं होतं. तीन तास. पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

मी मोबाईल उचलला. तो माणूस म्हणाला, "मॅडम, आप बीच में मत आइए." मग मी त्याला इंग्रजीत, नववीच्या वर्गाशी बोलायचे त्या आवाजात सांगितलं, आधी उभा राहा, मग माझ्याशी बोल. आणि मुलांनो, तो उभा राहिला. कुठल्या तरी शाळेत त्यालाही कुणीतरी तसं उभं केलं असणार. वर खाकी शर्ट आणि खाली चौकड्यांची हाफपँट. आपा माझ्या खांद्यावरून बघत होत्या, त्या इतक्या हसल्या की त्यांना धरून बसवावं लागलं. मीही हसले. फोन बंद केला. बँकेत कळवलं, पोलीस चौकीत जाऊन तक्रार लिहून आले. काही गेलं नव्हतं, हे तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

जे सांगितलं नव्हतं ते हे. आम्ही हसून झालो आणि मी वळून पाहिलं, तर आजोबा अजून उभेच होते. मला म्हणाले, "मी आता बसू का?"

छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. कालव्यावर उभं राहून शंभर मजुरांना हाका मारणारा. त्या दिवसापासून कुठलाही फोन वाजला की ते उभे राहायला लागले. चेहरा घाबरल्यासारखा नसे, फक्त तयार असे, साहेब आत बोलावतील म्हणून दाराबाहेर थांबलेल्या माणसासारखा. ते पाहणं मला जमेना. मी त्यांचा मोबाईल काढून घेतला, नंबर बंद केला आणि नियम केला की यापुढे घरातला फोन फक्त मी उचलणार. ते नुसतं हो म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. नियम केला म्हणजे वही आली. मी शाळेतल्या हजेरीसारखी वही आखली: तारीख, वेळ, नंबर, कोण, शेरा. तक्रार करायची तर पुरावा हवा, असं पोलीस चौकीतल्या बाईंनी सांगितलं होतं. तांबड्या शाईने रेघा मारल्या. वही तिपाईच्या खालच्या फळीवर ठेवली, दोरी बांधून पेन ठेवलं.

नियमानंतर आठवडाभरात आजोबांनी पहिल्यांदा विचारलं, "दादाचा फोन आला होता का?"

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, पिशोरचे. तुम्ही त्यांना एकदाच पाहिलं आहे, आल्याच्या शेतात, तेव्हा तुम्ही दोघंही आलं उपटून त्याचा वास घेत पळत होतात. वडील लवकर गेले. दादांनी स्वतः शाळा सोडली, नांगर धरला आणि धाकट्याला शिकवलं. दोघा भावांचं फोनवर बोलणं फार थोडं असायचं. पाऊस, म्हैस, आल्याला भाव, कोण गेलं. पण आठवड्यातून दोनतीनदा व्हायचं. दादांना फोन लावता येत नसे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, स्वतःच्या मोबाईलवरून आजोबांच्या मोबाईलवर लावून द्यायचा. आता तो मोबाईलच बंद होता, म्हणून मी पुतण्याला घरच्या फोनवर करायला सांगितलं. तो म्हणाला, "हाव काकू, सांगतो आबांना." तो वडिलांना आबा म्हणतो.

फोन आला नाही. दोन आठवडे गेले. आजोबा रोज विचारायचे. मग एके दिवशी म्हणाले, "दादा रागावला का?"

त्याला कारण होतं. शेवटच्या फोनमध्ये आजोबा दादांना म्हणाले होते, "वहिनीला दे जरा." माझ्या जाऊबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. तिकडे दादा गप्प झाले आणि मग लाईन बंद झाली. मी हे शेजारी बसून ऐकलं होतं. म्हणून मलाही वाटलं, लागलं असेल त्यांना. नाहीतर घाबरले असतील. म्हणून पुतण्याला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. पाठोपाठचा भाऊ असा होताना ऐकायला कुणाला आवडेल? डॉक्टर म्हणाले होते की जुनी माणसं, जुन्या गोष्टी, बोलत राहू द्या, तेच सगळ्यात जास्त टिकतं. आणि जुनं म्हणजे आता दादा एवढेच उरले होते.

तुम्ही म्हणाल, आजी, तूच का नाही लावलास दादांना फोन? इथे मला तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, आणि तुम्ही हसाल.

दादा माझे भासरे. नवऱ्याचा थोरला भाऊ तो भासरा आणि मी त्यांची भावजय. आमच्यासारख्या शेतकरी घरांत भासरा आणि भावजय एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नसतं. आदर असतो, मर्यादा असते. मी बी.ए. होऊन, इंग्रजीची शिक्षिका म्हणून त्या घरात गेले आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंनी सांगितलं, थोरल्याच्या समोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि आत व्हायचं. मला ते जाचक वाटलं. पण दादांनीही माझ्यासाठी तितकंच पाळलं, हे समजायला मला वर्षं लागली. ते कधी एकदम घरात शिरले नाहीत. दाराबाहेर थांबून एकदा खाकरायचे. ते खाकरणं ऐकलं की मी पदर सारखा करून आत जायचे, मग ते येऊन टेकायचे. माझ्या जागेवर, माझ्या पद्धतीने बसलेली मी त्यांना कधी अवचित सापडले नाही.

काही सांगायचं असेल तर मध्ये कुणीतरी लागायचं. सासूबाई, जाऊबाई, पोरं. "बाईला म्हणावं, डबा बांधा." बाई म्हणजे मी. मी तिथेच, दोन हातांवर. मी म्हणायचे, "दादांना म्हणावं, बांधलाय." एकदा ते पिशोरहून एसटीने इकडे आले, तेव्हा आजोबा साईटवर होते. घरात मी आणि तीन महिन्यांचे तुमचे बाबा. बाबा पाळण्यात गाढ झोपलेले. दादा उंबऱ्याशी बसले आणि पाळण्याला म्हणाले, "आईला म्हणावं, जवारी आणलीय. चाळून घ्या, खडे हायेत." मी पडद्यामागून पाळण्याला म्हणाले, "काकांना म्हणावं, चहा टाकलाय." असं अर्धा तास चाललं. बाबा एकदाही जागे झाले नाहीत.

बावन्न वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी थेट एक शब्द बोललो नाही. जाऊबाई होत्या तोवर त्याची अडचणही झाली नाही.

आता वहीकडे येते. नियमानंतर तिसऱ्या आठवड्यात मुके फोन सुरू झाले. सकाळी अकराच्या सुमाराला, रोज. नंबर एकच, अनोळखी. मी उचलून "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणायचे. पलीकडे कुणी बोलायचं नाही. श्वास ऐकू यायचा. मी मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, इंग्रजीत दम दिला. नाही. मी ठेवला की दोन मिनिटांत पुन्हा. मग दुसऱ्या दिवशी अकरा वाजता.

मला तो खाकीवाला आठवायचा. ज्या माणसाला मी कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं तो किंवा त्याची माणसं सूड म्हणून घरावर नजर ठेवत आहेत, मी घरात केव्हा नसते याचा अंदाज घेत आहेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं. भाजी आणायला जाणं बंद केलं. आपांच्या सुनेबरोबर मागवायचे. अकरा वाजले की आजोबा उभे राहायचे, मी फोनकडे धावायचे आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायचे, त्यांना माझा चेहरा दिसू नये म्हणून.

वहीतल्या नोंदी अजून आहेत. मी त्या फाडल्या नाहीत. जशा आहेत तशा उतरवून देते. "श्वास. मागे कोंबडा." "श्वास. शेळी ओरडली." "डबी उघडल्यासारखा टिक् आवाज." "आज फोन नाही. गेल्या आठवड्यात याच वारी नव्हता. टोळीची साप्ताहिक सुट्टी?" हे लोक आता खेड्यांतून बसून धंदा करतात असं पेपरात वाचलं होतं, त्यामुळे कोंबड्याचा मला पुरावा म्हणून उपयोग झाला. आणि एका पानावर, तांबड्या शाईने अधोरेखित केलेलं: "एकदा खाकरला. धमकी."

मी आपांना वही दाखवली. आपा वाचत नाहीत, मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाजी, पुलीस-वुलीस जाने दो. सिटी बजाव कान में. हमारे भाई की लड़की को ऐसेच कोई सताता था. ऐसी सिटी मारी उसने, फिर कभी फोन नै आया."

"बहिरा झाला तर?"

"तो होने दो. अच्छा है, आगे किसी को फोन नै करेगा."

शाळेतली माझी शिट्टी होती, खेळाच्या तासाची, पितळी. शोकेसच्या खणात सापडली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला. मी उचलला, काही बोलले नाही. पलीकडे श्वास. मग पुन्हा ते खाकरणं. मी छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी फुंकली. पूर्ण मैदान थांबवायची शिट्टी. आजोबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. फोन बंद झाला. शेरा लिहिला: "शिट्टी वाजवली. बंद."

फोन यायचे बंद झाले. मी आपांना डिंकाचे लाडू दिले.

आजोबांचं विचारणं मात्र बंद झालं नाही. फक्त प्रश्न बदलला. "दादा आहे ना?" असं विचारू लागले. मी "आहेत" म्हणायचे. ते म्हणायचे, "मग बोलत का नाही?" आणि नंतर नंतर, पंधरा-वीस दिवसांनी, त्यांनी विचारणंच सोडलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते इथे कबूल करते, कारण तेव्हा मला घाबरायला हवं होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी पुतण्या आला. त्याला करमाडजवळ एका कारखान्यात नोकरी लागली होती, तिथेच खोली घेऊन राहतो, पिशोरला पंधरा दिवसांनी एकदा जातो. आल्याची पिशवी घेऊन आला. आजोबांच्या पाया पडला. आजोबांनी त्याला "बसा, बसा" म्हटलं, परक्याला म्हणतात तसं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बसला.

मी विचारलं, "दादा कसे आहेत?"

"बरे हायेत. कानाचं दुखणं काढलंय नवीन. शिट्टी वाजती म्हणत्यात कानात. कन्नडला दाखवलं, डॉक्टरनं थेंब दिले."

मी आलं निवडत होते. ते खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"झालं की महिनाभर. आन् काकू, तुमच्यावर रुसलेत का काय कळंना. आधी रोज लावायचे फोन तुमच्याकडं, आता लावतच नाय. इचारलं तर म्हणत्यात, लाईन खराब हाय."

"रोज लावायचे? कशावरून?"

"मी घेऊन दिलाय ना त्यांना बटनाचा फोन. आता मी घरी नसतो, कोण लावून देणार? दोन नंबरचं बटन दाबून धरलं की थेट तुमचा हा फोन. दिवाळीतच सांगितलं होतं मी काकांना, आबांना येगळा फोन घेतोय म्हणून." मग त्याने आजोबांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकांनी सांगितलं नसंल."

मी उठले, तिपाईखालची वही काढली आणि त्याच्यासमोर धरली.  त्याने नंबर पाहिला आणि हसायलाच लागला. "ह्यो तर आबांचाच नंबर! काकू, एवढं लिहून ठेवलंय? कोंबडा पण? ह्या वारी बाजार असतोय पिशोरला, आबा जातेत ना बाजारात." आणि मग तो खाली खाली वाचत गेला. शेवटच्या नोंदीवर आला. हसू गेलं. 

"आबांनी हे कुणालाच नाय सांगितलं काकू," तो म्हणाला. "मलाबी नाय."

मुलांनो, मी कसं ओळखलं नाही? बावन्न वर्षं त्या खाकरण्यावर माझा हात डोक्याकडे गेला आहे. स्वयंपाकघरात असू दे, मोरीत असू दे, वर्गाच्या वह्या तपासताना असू दे. मध्ये दोन खोल्या असल्या तरी मी ते ओळखत असे. तेच खाकरणं फोनमधून आलं आणि मी त्यापुढे "धमकी" लिहिलं. ते दाराबाहेर थांबल्यासारखे थांबले होते. बाई आत जाईल, धाकट्याला पाठवील, म्हणून रोज सकाळी त्या फोनवर वाट बघत होते. मी विचारत होते, कोण बोलतंय, कोण बोलतंय. ते मला उत्तर कसं देणार?

पुतण्या म्हणाला, "मी लावून देतो, काका बोलतील." मी नको म्हणाले. हे माझं मलाच करायला हवं होतं. तो गेल्यावर, दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना मी वहीतला नंबर बघून फोन लावला. आजोबांना शेजारी खुर्चीवर बसवलं. पलीकडे उचलला गेला. कोंबडा. मग श्वास.

मी म्हणाले, "दादा, मी बोलते आहे. शिट्टी मी वाजवली. मला कळलं नाही तुम्ही आहात. मला माफ करा."

 दादांच्या तंबाखूच्या डबीचा टिक् आवाज आला. मला वाटलं, ठेवतील. मी पुन्हा एकदा "दादा" म्हणाले. मग ते खाकरले आणि बोलले. पण माझ्याशी नाही. तिथे घरात त्यांच्याजवळ कुणी नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. ते म्हणाले, "बाईला म्हणावं, लाईन खराब होती."

मी पदर डोक्यावर घेतला.

"बाईला म्हणावं," ते म्हणाले, "धाकटा बरा हाय ना?"

मी "देते" म्हणाले आणि फोन आजोबांच्या हातात दिला. पुरुषी आवाज कानात गेला मात्र, ते उभे राहिले. ताठ. आणि म्हणाले, "जी साहेब."

दादा तिकडून मोठ्याने बोलत होते, मला ऐकू येत होतं. "आरं मी हाय. दादा. जेवला का?"

"हो साहेब."

"साहेब कोण रं? मी दादा हाय."

"हो साहेब. घरातच आहे साहेब."

 आणि मग फोनमधून एक आवाज आला, म्हाताऱ्या, फुटलेल्या गळ्यातून काढलेला, लांबलचक. "हाऽऽऽ होऽऽ... हाऽऽ हो!" जवारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं उडवायला देतात तशी हाक. दोघं भाऊ लहानपणी शेताच्या दोन टोकांना माळ्यांवर असायचे, एकाने दिली की दुसऱ्याने द्यायची, म्हणजे कुणी झोपलं नाही हे कळायचं. हे मला आजोबांनीच लग्नानंतर सांगितलं होतं.

आजोबांची मान वर झाली. फोन हातात धरून, आपल्या उस्मानपुऱ्याच्या बैठकीत उभं राहून, त्यांनी इतक्या जोरात उलट हाक दिली की खालून आपांनी छताला झाडू ठोकला. मग ते खाली बसले. म्हणाले, "दादा, पाऊस आहे का तिकडं?"

एवढ्यावर थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण जे आहे ते लिहायचं असं मी ठरवलं आहे.

फोन आता रोज अकराला येतो. वाजला की मी उचलते आणि हॅलो म्हणत नाही. पलीकडून खाकरणं आलं की माझा हात डोक्याकडे जातो, पदर घेते, आणि आजोबांना फोन देते. काही दिवस ते दादांना ओळखतात. काही दिवस हाक दिल्यावर ओळखतात. जे मधले दोन महिने मी फोनची राखण करत होते, त्यांत काय काय निसटलं ते मला मोजता येत नाही. डॉक्टर म्हणतात, तसंही ते निसटणारच होतं. डॉक्टर चांगले आहेत.

गेल्या आठवड्यात दादांनी तीन वेळा हाक दिली. आजोबांनी ऐकली, मान हलवली, "राँग नंबर आहे" म्हणाले आणि फोन अलगद तिपाईवर ठेवून आत जाऊन पडले. त्यांचा चेहरा शांत होता. ते उभे राहिले नव्हते, तेवढंच.

फोन तिपाईवर उताणा होता आणि त्यातून अजून बारीक आवाज येत होता. मी उचलून कानाला लावला. तो थांबला.  मध्ये घालायला बैठकीत दुसरं कुणी नव्हतं, पाळण्यातसुद्धा नव्हतं. मग मी म्हणाले, "दादांना म्हणावं, आज झोपलेत. सकाळी अर्धी भाकरी खाल्ली. दूध घेतलं नाही."

तिकडून आलं, "बाईला म्हणावं, भाकर दुधात चुरून द्या. ल्हानपणी तशीच खायचा."

"दादांना म्हणावं, देते."

"अन् बाईनं जेवावं म्हणावं येळंवर."

मी हो म्हणाले. ते म्हणाले, उद्या लावतो म्हणावं. मी म्हणाले, अकरा वाजता म्हणावं. तेव्हा तुमच्या बाबांना सांगा, फोन काढायचा नाही. प्लॉटवाल्यांचं मी बघून घेईन.